तक्रारीचा लखोटा बंद हवा!

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी आणि पिवळी मारबत निघते, मागोमाग बडगे निघतात आणि गावाची इडापीडा घेऊन जाण्याचे साकडे मारबतीला घातले जाते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. बडग्यांच्या गळ्यात पाट्या असतात. कोणी महागाईचा, कोणी लाचखोरीचा, कोणी भेसळीचा. वर्षभर जे बोलण्याची छाती होत नाही, ते त्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहून चौकाचौकांतून मिरवता येते. कारण उघड आहे. पाटीवर तक्रार असते, तक्रारदाराचे नाव नसते.

दुसऱ्या दिवशी सराफ्याची दुकाने उघडतात, किराणा ओळीत पोती उतरू लागतात आणि कालची तीच माणसे पुन्हा मान खाली घालून गल्ल्यावर बसतात. कोणत्या गोदामात बंदी असलेला गुटखा उतरतो, संक्रांतीपूर्वी नायलॉन मांजाची खोकी कोणाच्या माडीवर चढतात, क्रिकेटचा सट्टा कोणत्या बोळात घेतला जातो, हे बाजारातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. ठाऊक नसते, असे म्हटले जाते, ते केवळ पोलिसांना! ही दरी कशाने पडली, याचा शांत चित्ताने विचार करण्याची वेळ आली आहे.

एका पांढऱ्या कागदाची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे एक वयोवृद्ध व्यापारी होते. तीन पिढ्यांची पेढी, कपाळावर गंध, शब्दाला पक्के. त्यांच्या दुकानामागच्या बोळात सट्ट्याचा अड्डा सुरू झाला. महाविद्यालयात जाणारी मुले तेथे पैसे लावू लागली. शेजारच्या एका मुलाने आईचे दागिने विकल्याचे कळले, तेव्हा त्यांना राहवले नाही. त्यांनी पांढऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली, खाली पूर्ण नाव, पत्ता आणि स्वाक्षरी केली आणि स्वतःच्या हाताने नेऊन दिली.

त्याच दिवशी दिवेलागणीला अड्डेवाला दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. त्याने आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढेच म्हणाला, "काकाजी, काही तरास होता तं आमालेच सांगाचं होतं नं जी. ठाण्यात कायले गेले?" मग उठता उठता त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "नातू कोणत्या शाळेत जाते जी?"

काकाजींनी त्यानंतर आयुष्यात कोणत्याही कागदावर तक्रार लिहिली नाही. त्यांना भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. ते आपले कर्तव्य करून चुकले होते. चुकली ती व्यवस्था. सकाळी दिलेला कागद संध्याकाळपर्यंत ज्याच्याविरुद्ध दिला त्याच्याच हाती पडावा, याला गुन्ह्याचा तपास म्हणत नाहीत, गुन्हेगाराची टपालसेवा म्हणतात!

एखाद्या पोलीस ठाण्याला किंवा समस्त पोलीस दलाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. ऊन, पाऊस, बंदोबस्त, सण आणि मोर्चे यांच्या चक्रात पिळून निघणारा साधा शिपाई आपल्याच समाजातला आहे. जवळच्याच महालात १ जून २००६ च्या पहाटे संघाच्या मुख्यालयावर चालून आलेले तीन सशस्त्र दहशतवादी मारले गेले, ते नागपूरच्याच पोलिसांच्या सावधतेमुळे आणि हिमतीमुळे. त्या ऋणाचा विसर कोणालाही पडू नये. परंतु सावध राहण्यासाठी पोलिसांना माहिती लागते. माहिती समाजाकडे असते. आणि समाज ती तेव्हाच देतो, जेव्हा देणाऱ्याचे नाव सुरक्षित राहील अशी त्याची खात्री असते.

कस्तुरबानगरचा धडा

ही खात्री उरली नाही तर काय होते, हे नागपूरने १३ ऑगस्ट २००४ रोजी पाहिले. कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या अक्कू यादव नावाच्या गुंडाला वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कक्षातच ठार केले. देशभरातील वृत्तपत्रांनी त्या घटनेवर रकानेच्या रकाने लिहिले. कोणी त्या स्त्रियांना दुर्गा म्हटले, कोणी जमावशाही म्हणून निषेध केला. मात्र त्या स्त्रिया स्वतः काय सांगत होत्या, हे फार थोड्यांनी कान देऊन ऐकले. त्या सांगत होत्या की, आम्ही तक्रार केली की तिची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत असे, आणि मग तक्रार करणारीच्या दारात तो उभा राहत असे. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये उरलेले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

कायदा हाती घेण्याचे समर्थन करता येत नाही आणि करूही नये. परंतु ज्या वस्तीत पोलिसांना सांगितलेली गोष्ट पोलिसांपाशी राहते, त्या वस्तीतील स्त्रियांवर मिरचीपूड आणि सुरी घेऊन न्यायालयात जाण्याची पाळी येत नाही, हेही तितकेच खरे. शासनाचे कान फुटके निघाले की समाजाच्या हाताला शस्त्र सापडते. कस्तुरबानगरचा खरा धडा हा आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही तो आपण पाठ केलेला नाही.

याच्या आदल्याच वर्षी सत्येंद्र दुबे यांचा बळी गेला होता. सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी या तरुण अभियंत्याने २००२ च्या नोव्हेंबरात थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट कार्यालयाकार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. तपासयंत्रणेने तो लुटमारीतून झालेला खून असल्याचे सांगितले आणि न्यायालयात त्याप्रमाणे शिक्षाही झाल्या. तथापि नाव फुटले, हे वास्तव त्या निकालाने पुसले जात नाही. दिल्लीत त्या वेळी आपल्याच विचारांचे सरकार होते, म्हणून हा प्रसंग अनुल्लेखाने टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गळकी बादली कोणाच्याही विहिरीवर गळतेच.

कायद्याने दिलेले, पानठेल्यावर गमावलेले

तक्रारदाराचे नाव गुप्त राखावे, ही मागणी नवी नाही, आणि परदेशातून आयात केलेलीही नाही. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यातील १२५ व्या कलमाने स्पष्टच सांगितले होते की, गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३१ व्या कलमात तेच संरक्षण कायम आहे. म्हणजे प्रत्यक्ष न्यायालयही पोलिसाला ज्या नावाची सक्ती करू शकत नाही, ते नाव कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर एका खर्ऱ्याच्या मोबदल्यात कळते! कायद्याची याहून क्रूर थट्टा कोणती?

येथे एक भेद मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्याच्यावर प्रत्यक्ष अन्याय झाला, त्याने गुन्हा नोंदविला की त्याचे नाव खटल्यात येणारच. आपल्यावर आरोप कोणी केला, हे जाणण्याचा आरोपीलाही अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावरही ठेवावा लागतो. अशा फिर्यादीसाठी आणि साक्षीदारासाठी वेगळी कवचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना हे त्यांपैकी एक.

आपण येथे बोलत आहोत ते खबर देणाऱ्याविषयी. गोदाम दाखविणारा, अड्डा सांगणारा, खंडणीची चिठ्ठी आली हे कानावर घालणारा, शेजारच्या घरात संशयास्पद भाडेकरू आल्याचे कळविणारा नागरिक. त्याचे काम दिशा दाखविण्याचे. पुरावा गोळा करणे हे पोलिसांचे काम. या माणसाचे नाव न्यायालयात येण्याचे काही कारणच नाही. मग ते अड्ड्यावर का जावे?

निनावी नव्हे, गुप्त

यावर अनेक जण सांगतात की, मग निनावी पत्र पाठवा. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. निनावी पत्राला दायित्व नसते. भावकीतला वाद, दुकानाच्या गाळ्याचे भांडण, धंद्यातील असूया, सारे निनावी पत्रातून पोलिसांच्या माथी मारता येते. पोलिसांना पुन्हा प्रश्न विचारायचा तर विचारावा कोणाला? म्हणून निनावी पत्राची जागा बहुधा केराच्या टोपलीत असते, आणि ते फारसे चूकही नाही.

हवे आहे ते निराळे. नाव असावे, पत्ता असावा, स्वाक्षरी असावी. पण ते सारे बंद लखोट्यात असावे आणि तो लखोटा एकाच जबाबदार हाताने फोडावा. खोटी खबर देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २१७ व्या कलमाखाली शिक्षा करता येते. ती करण्यासाठीही नाव हवेच. दुबे प्रकरणानंतर केंद्र सरकारने एप्रिल २००४ मध्ये ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाकडे हीच पद्धत सोपविली. तक्रार बंद लिफाफ्यात, नाव आतल्या कागदावर, निनावी तक्रारीला थारा नाही, आणि ओळख राखण्याचे दायित्व आयोगाचे. तत्त्व मान्य झालेले आहे. प्रश्न आहे तो हा लिफाफा दिल्लीच्या दक्षता आयोगापासून इतवारीच्या चौकापर्यंत आणण्याचा.

आजच्या काळात असा लिफाफा म्हणजे कूटबद्ध ई-मेल, ज्याला संगणकाच्या भाषेत एन्क्रिप्टेड ई-मेल म्हणतात.

दानपेटी आणि शिक्कामोर्तब

हे प्रकरण अवघड आहे, असा समज जाणकारांनीच पसरवून ठेवला आहे. वास्तविक मंदिरातील दानपेटी ज्याने पाहिली, त्याला ते समजले. पेटीच्या फटीतून नाणे कोणीही टाकू शकतो. काढू शकतो तो फक्त किल्ली बाळगणारा विश्वस्त. कूटबद्ध ई-मेलमध्ये अशाच दोन किल्ल्या असतात. एक सार्वजनिक, जी पोलिसांनी सर्वांना वाटायची. तिने पत्र बंद होते, पण उघडत नाही. दुसरी खासगी, जी पोलिसांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यापाशीच राहायची. पत्र उघडते ते केवळ तिने. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये या कल्पनेचा पाया घातला आणि फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये 'पीजीपी' ही प्रणाली तयार करून ती सामान्य माणसाच्या हाती दिली. अमेरिकी सरकारने तेव्हा या प्रणालीला युद्धसामग्रीच्या रांगेत बसवून त्यांच्यामागे चौकशी लावली. १९९६ मध्ये ती सोडून द्यावी लागली.

आपण नेहमी पाठवितो ती ई-मेल वाटेत बहुधा झाकलेली असते, हे खरे. पण मुक्कामाला पोहोचताच ती उघडी पडते. पेटी ज्याच्या ताब्यात, संकेतशब्द ज्याला ठाऊक, तो ती वाचतो. कार्यालयात तो संकेतशब्द किती जणांना ठाऊक असतो, हे प्रत्येकाने आपल्याच कार्यालयात डोकावून पाहावे! कूटबद्ध पत्र मात्र पेटीतही बंदच राहते. संगणकावर बसणाऱ्याला ते दिसते, वाचता येत नाही.

दुसरा गुण सहीचा. जुन्या मराठी कागदांच्या मस्तकी शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. हेतू हा की, मजकूर कोणाचा हे कळावे आणि मोर्तबाखाली कोणाला एक अक्षरही वाढविता येऊ नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो; त्यामागची ही दक्षता विसरलो. पत्रावरील डिजिटल स्वाक्षरी हेच काम करते. मधल्या कोणी एक काना बदलला तरी मोर्तब फुटल्याचे कळते.

आणि ज्यांना गुप्त लेखन ही पाश्चात्त्य खोड वाटते, त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. हेरांचे वृत्त सांकेतिक लिपीतून पाठवावे, असे तेथे सांगितले आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत कूटलेखनाची गणना केली आहे. राजाला खबर देणाऱ्याचे रक्षण हा आपल्याकडे राजधर्माचा भाग होता. बहिर्जी नाईकांची नावनिशी शत्रूच्या गोटात पोहोचत असती, तर इतिहास कसा घडला असता, याची कल्पना करावी.

कुलूप लावल्याने भिंतीची गळती थांबते का?

येथे चोखंदळ वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की काकाजींचा कागद वाटेत कोणी चोरला नव्हता. तो ठाण्यातूनच फुटला. मग ई-मेलला कुलूप लावून काय साधणार?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, किल्ली ठाण्यात ठेवायचीच नाही. कागद आज टेबलावरून टेबलावर जातो. आवक नोंदणारा, पुढे पाठविणारा, फाइल लावणारा, चौकशीला जाणारा, असे कितीतरी डोळे त्यावरून फिरतात. नाव फुटले तर फोडले कोणी, याचा शोध लागत नाही; कारण सर्वांनाच ठाऊक होते. किल्ली जर आयुक्तालयातील उपायुक्त दर्जाच्या एका अधिकाऱ्याकडे आणि त्याच्या एका नेमलेल्या सहकाऱ्याकडेच असेल, तर नाव दोघांनाच ठाऊक असेल. खाली ठाण्याकडे जाईल ती केवळ माहिती: अमुक बोळ, अमुक वेळ. कोणी सांगितले, ते नाही. आणि तरीही नाव फुटले तर बोट कोणाकडे दाखवायचे, हे पहिल्या दिवशी ठरलेले असेल. गुप्ततेचा अर्थ अंधार नव्हे; गुप्तता म्हणजे जबाबदार माणसांची संख्या मोजता येण्याइतकी कमी करणे.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आपण लोकांना नव्या सापळ्यात ढकलू. पत्राचा मजकूर बंद होतो. पण कोणी, कोणाला, केव्हा पाठविले आणि बहुधा विषयाची ओळ, हे उघडेच राहते. म्हणून विषयाच्या जागी काही लिहू नये. दुकानाच्या ज्या संगणकावर चार जण बसतात, तेथून असे पत्र पाठवू नये. आणि दुकानात बसून मोठ्याने 'मी कळविले' असे सांगणाऱ्याला जगातील कोणतेही कूट वाचवू शकत नाही!

'व्हॉट्सअ‍ॅप आहे की', असेही म्हटले जाते. तेथील संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, हे खरे. परंतु तेथे पाठविणाऱ्याचा क्रमांक हेच त्याचे नाव असते. संदेश जातो तो एका अधिकाऱ्याच्या खिशातील दूरध्वनीत. पुढे ढकलायला एक बोट पुरते, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की नोंदही त्याच्याबरोबर जाते. खबर खिशात नको, दफ्तरात हवी. आणि दफ्तराला कुलूप हवे.

स्वकीयांना दोन शब्द

सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो आपल्याच मित्रांकडून. 'दहशतवादी याच साधनांचा वापर करतात. राष्ट्राच्या सुरक्षेपुढे कसली गुप्तता?' असे ते म्हणतात. त्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका नाही. पण त्यांनी आपला आक्षेप पुन्हा एकदा वाचावा. येथे पत्र कोणाला लिहिलेले आहे? पोलिसांना! शासनापासून काहीही दडविलेले नाही. दडविलेले आहे ते गुंडापासून, खंडणीखोरापासून आणि त्यांच्या पगारी कानांपासून. पोलिसांना लिहिलेल्या पत्राला कुलूप लावल्याने राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येते, असे म्हणणे म्हणजे राजाच्या कानात सांगितलेली गोष्ट दवंडी पिटून सांगितली नाही, म्हणून तक्रार करणे होय.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी धमकीची जी ई-मेल आली, ती नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरातल्या उघड्या वाय-फायचा गैरवापर करून पाठविली होती. ती कूटबद्ध नव्हतीच. सर्वांनी वाचावी यासाठीच ती लिहिलेली होती. दहशतवाद्याच्या हाती तेव्हा जे साधन आले, ते सज्जनाने उघडे टाकलेले दार होते. कुलपामुळे चोराचे फावत नाही. कुलूप न लावण्यामुळे फावते.

आणि बंद पत्राचे मोल आपल्या घरांना कोणी शिकवावे? आणीबाणीच्या काळात, जून १९७५ ते मार्च १९७७, पत्रे फोडली जात होती, तेव्हा टोपणनावांनी आणि खुणांच्या भाषेत निरोप कसे पोहोचत, हे या अंकाच्या अनेक वाचकांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. टपाल फोडण्याचा व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. नागरिकाचे पत्र ही त्याची ठेव आहे, हीच भावना त्यामागे होती. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कूटलेखनविषयक धोरणाचा एक मसुदा काढला. नागरिकांनी आपल्या कूटबद्ध संदेशांची उघडी प्रत नव्वद दिवस जपून ठेवावी, असे त्यात म्हटले होते. टीका होताच काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. चूक आपल्या माणसांनी केली तरी ती चूकच असते. आणि ती सुधारली, याचे श्रेयही दिले पाहिजे.

दुसऱ्या बाजूला खासगीपणाचा सदैव उद्घोष करणारी एक विद्वान मंडळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, तेव्हा वातानुकूलित सभागृहांत त्यावर परिसंवाद झडले. ते झडायलाच हवेत. परंतु अड्डेवाल्याच्या पायरीवरील चौकशीने ज्याची झोप उडाली, त्या किराणा व्यापाऱ्याचा खासगीपणा त्या परिसंवादांत कधी ऐकू आला? खासगीपणा केवळ आरोपीचा नसतो. तो खबर देणाऱ्याचाही असतो. त्यात त्याच्या नातवाची शाळाही येते.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट पोलिसांनी करावी. नागपूरच्या पोलीस आयुक्तालयाने आपली सार्वजनिक किल्ली प्रसिद्ध करावी. संकेतस्थळावर, वृत्तपत्रांत आणि प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी फलकावर, म्हणजे बनावट किल्ली कोणाला खपविता येणार नाही. यात काही अघटित नाही. संगणकीय सुरक्षेसाठी २००४ पासून काम करणाऱ्या 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्याच संस्थेने आपली पीजीपी किल्ली लोकांसाठी प्रसिद्ध केलेली आहे. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याच्या पोलिसांनी भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्यांसाठी २००३ पासूनच संरक्षित पेटी ठेवली. दिल्लीतील संस्थेला जे जमते, ते नागपूरच्या आयुक्तालयाला न जमण्याचे कारण नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेली फिर्याद मान्य केली आहे; तीन दिवसांत येऊन सही करायची असते. दार कायद्याने उघडले आहे. त्याला कडी बसविणे तेवढे बाकी आहे.

दुसरी गोष्ट, पोच. पत्र मिळाले, एवढे कळविणारा क्रमांक खबर देणाऱ्याला मिळालाच पाहिजे. किल्ली कोणाकोणाकडे आहे, बदलीच्या वेळी ती कोणाकडे सोपविली, याची लेखी नोंद असावी. किल्ली हरवली तर जुनी पत्रे कायमची बंद होतात, म्हणून तिची दुसरी प्रत तिजोरीत असावी.

तिसरी गोष्ट, दंड. नाव फोडणाऱ्यावर केवळ बदलीची कारवाई म्हणजे दुसऱ्या गावाला गळकी बादली पाठविणे. प्रकाश सिंग खटल्यातील २२ सप्टेंबर २००६ च्या निकालानंतर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरणाची तरतूद झाली. नाव फुटल्याचे प्रत्येक प्रकरण तेथे गेले पाहिजे. जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला, राष्ट्रपतींची मोहोर उमटली, आणि वर्षामागून वर्षे गेली तरी अंमलबजावणीची तारीख निघाली नाही. तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी मारले गेले. जमिनीचे घोटाळे उघडे करणाऱ्या या कार्यकर्त्याने पोलिसांकडे संरक्षण मागितले होते. अशी माणसे गेल्यावर श्रद्धांजलीच्या सभा घेणे सोपे असते.

चौथी आणि शेवटची गोष्ट आपण करायची. शासनाने सारे करावे आणि समाजाने टाळ्या वाजवाव्यात, ही आपली रीत नव्हे. 'आमच्या लोकांना हे जमणार नाही', असे म्हणणाऱ्यांनी इतवारीच्या मिरची बाजारात एक फेरी मारावी. मिरच्या विकणाऱ्या मावशींच्या पोत्याला चौकटीचा कागद चिकटवलेला दिसेल. ज्यांना २०१६ पूर्वी यूपीआय हे नावही ठाऊक नव्हते, त्या आज गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात पडल्याचा आवाज ऐकून मगच मिरची तोलतात. गरज पटली की समाज शिकतो. आपल्या शाखांमधून, मंडळांमधून संगणक शिकलेले कितीतरी तरुण आहेत. त्यांनी रविवारी दोन तास द्यावेत. व्यापाऱ्यांच्या संघटनेचे कार्यालय, एखाद्या वाड्याची ओसरी, महिला मंडळाचे सभागृह; जागा मिळेल तेथे बसून किल्ली कशी ओळखावी, पत्र कसे बंद करावे, काय लिहावे आणि काय लिहू नये, हे शिकवावे. शस्त्राचे शिक्षण देणाऱ्या परंपरेला कुलूप लावण्याचे शिक्षण जड जाऊ नये.

आणि एक पथ्य पाळावे. हे साधन शेजाऱ्याचे उणेदुणे काढण्यासाठी नाही. जात, पंथ, पक्ष पाहून खबर देणारा माणूस खबऱ्या नसतो, चहाडखोर असतो. जे स्वतः पाहिले तेच लिहावे, जेवढे पाहिले तेवढेच लिहावे आणि खाली आपले खरे नाव लिहावे. बंद लखोट्यात खोटे लिहिणे हे उघड्या चव्हाट्यावर खोटे बोलण्यापेक्षा मोठे पाप आहे. कारण तेथे विश्वासाचाच घात होतो.

काकाजी आता नाहीत. त्यांची पेढी नातू चालवितो. मागच्या बोळात नवा अड्डा आहे, नवी मुले आहेत आणि नातवाला सारे दिसते. परवा तो म्हणाला, "आजोबांनी लिहिलं होतं, मीही लिहीन. पण आधी सांगा, ते वाचणार कोण?" या प्रश्नाचे उत्तर त्याला देणे पोलिसांनाही बांधील आहे आणि आपल्यालाही. पुढच्या तान्ह्या पोळ्याला बडग्याच्या पाटीवर लिहायला एक तक्रार कमी पडली, तर समजावे की ती योग्य हाती, बंद लखोट्यातून, वेळेवर पोहोचली होती.